कपबशा विसळणारा मुलगा

जून महिना आला की आमच्या घरी पालकांची वर्दळ सुरू होते. गुणपत्रिकेची झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले दाखले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, “सर, आता याला कुठे घालू?” यंदा मात्र एक आई वेगळीच तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा आमचा माजी विद्यार्थी. बारावी कॉमर्स झाला आणि गेली दोन वर्षे पुण्यात एका कॉफी शॉपमध्ये कामाला आहे.

“सर, तुम्हीच समजवा त्याला. मामूंनी कुवेतला दुकानात सेल्समनची जागा बघून ठेवलीय, तर नको म्हणतो. म्हणतो, मला कॉफीतच पुढं जायचंय. आता लोक विचारतात, मुलगा काय करतो? काय सांगू? हॉटेलात आहे म्हणून सांगू? उद्या याला मुलगी कोण देणार?”

मुलाचे अब्बा तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करतात. तीन मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी डोळे झिजवले आहेत. आईची तगमग आम्हाला कळत होती. समजावतो, असे आम्ही तिला सांगितले आणि एका रविवारी पुण्याची एस.टी. धरली.

दुकान लहानसेच, सहा टेबलांचे. आमचा विद्यार्थी काळा एप्रन बांधून मशीनपुढे उभा होता. आम्हाला पाहताच त्याने सलाम केला, पण हातातले काम सोडले नाही. दळलेली कॉफी तो सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर मोजत होता. “अठरा ग्रॅम, सर. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर चव बदलते.” मग त्याने आम्हाला सगळे समजावले. मशीन साधारण ९ बार दाबाने गरम पाणी कॉफीतून ढकलते. पंचवीस-तीस सेकंदांत कपात कॉफी उतरली पाहिजे. लवकर उतरली तर आंबट लागते, उशीर झाला तर कडू. मग दळण जाड-बारीक करून ते जुळवायचे. सकाळी हवा दमट असेल तर कालचे दळण आज चालत नाही. वर्गात टक्केवारीची गणिते चुकवणारा हा मुलगा कॉफीचे आणि पाण्याचे प्रमाण तोंडपाठ सांगत होता.

त्याच्या शेजारी दोन मुले काम करत होती. दोघेही कर्णबधिर. काउंटरवर एक पुठ्ठा उभा केला होता. त्यावर ‘साखर कमी’, ‘दूध नको’, ‘धन्यवाद’ या शब्दांच्या खुणा चित्रांनी दाखवल्या होत्या. आमच्या विद्यार्थ्याने त्यांची खुणांची भाषा शिकून घेतली आहे. ईदला त्याची पाळी त्यांच्यातल्या एकाने केली आणि दिवाळीत याने त्याची.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा तो आमच्यासमोर येऊन बसला. आम्ही विषय काढण्याआधीच हसून म्हणाला, “सर, आठवतं का, तुम्ही नववीत मला काय म्हणाला होता? अभ्यास केला नाहीस तर हॉटेलात कपबशा विसळशील.”

आम्हाला आठवत नव्हते. पण आम्ही म्हणालो असणार, यात शंका नाही. ते वाक्य आम्ही वीस वर्षांत कितीतरी मुलांना ऐकवले आहे.

“इथं आलो तेव्हा पहिले तीन महिने कपबशाच विसळल्या,” तो म्हणाला. “इथं सगळे तिथूनच सुरू करतात. कपाला कालच्या दुधाचा वास राहिला तर सगळी मेहनत वाया जाते ना, सर.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते आम्हाला जास्त लागले. ज्या वर्गात आम्ही हे वाक्य बोलत होतो, त्या वर्गात काही मुलांचे अब्बा खरोखरच हॉटेलात काम करत असतील. त्या मुलांनी त्या दिवशी घरी जाऊन आपल्या बापाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल?

दुकानाच्या मालकीणबाई तिथेच होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, “ताई, या मुलांना काम देता, फार पुण्याचं काम करता.” त्या म्हणाल्या, “सर, पुण्यावर भाडं निघत नाही. लोक पहिल्यांदा या मुलांकडे बघून येतात. दुसऱ्यांदा कॉफीसाठी आले तरच दुकान चालतं.”

त्यांनी बिलाच्या मागे आम्हाला हिशेब मांडून दाखवला. वाचकांनीही तो बघावा. आकडे समजुतीपुरते आहेत, पण रीत खरी आहे. एका कपाला १८ ग्रॅम धरले तर एक किलो कॉफीचे पंचावन्न कप होतात. सांडलवंड आणि बिघडलेले कप वजा जाता पन्नास धरा. कर वगळून कप १२० रुपयांना विकला आणि कॉफी, दूध, साखर यांना ४० रुपये लागले, तर हाती ८० राहतात. आता जागेचे भाडे ४० हजार, चार जणांचे प्रत्येकी १६ हजारांप्रमाणे ६४ हजार पगार, वीज-पाणी-दुरुस्तीचे १६ हजार. एकूण १ लाख २० हजार. म्हणजे महिन्याला १,५०० कप, रोज पन्नास कप विकले तेव्हा कुठे दुकान बरोबरीत येते. मालकाच्या घरचा तांदूळ अजून यायचाच आहे.

मग त्यांनी विचारले, “आता सांगा सर, चौघांचा पगार दोन-दोन हजारांनी वाढवायचा तर किती कप जास्त विकावे लागतील?” आठ हजारांना ऐंशीने भागले. महिन्याला शंभर कप. रोजचे साडेतीनसुद्धा नाहीत.

हे गणित परतीच्या गाडीत आमच्या डोक्यातून जाईना. कामगाराला इज्जतीचा पगार देण्याची किंमत रोज चार कपांच्या आत असते. अर्थात हे चार कपही आपोआप विकले जात नाहीत. कॉफी चांगली असावी लागते, आणि कॉफी चांगली व्हायची तर करणाऱ्याला शिकवावे लागते. म्हणजे समाजाची जाणीव ठेवून दुकान चालवणे आणि त्या मुलाचे करिअर घडवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. भिंतीवर सुविचार लावला आणि पोराला अर्धपोटी राबवले, तर तो सुविचार गिऱ्हाइकासाठी असतो, पोरासाठी नाही.

घरी आल्यावर आम्ही जरा शोध घेतला. कॉफी हाउस आणि कामगाराचे हक्क हे नाते आपल्या देशात जुने आहे. १९३६ साली मुंबईत पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे ही साखळी कॉफी बोर्डाकडे होती. पन्नासच्या दशकात बोर्डाने ती कॉफी हाउसे बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी आपल्या सहकारी सोसायट्या काढल्या. १९५७ मध्ये बेंगळुरू आणि दिल्लीला सुरुवात झाली, पाठोपाठ केरळात. आजही अनेक शहरांत इंडियन कॉफी हाउस चालते. पंख्यासारखा तुरा असलेला फेटा बांधून कप आणून ठेवणारा वेटर त्या सोसायटीचा सभासद असतो, म्हणजे एका अर्थी दुकानाचा मालकच.

अलीकडची उदाहरणेही आहेत. अलीना आलम या तरुणीने २०१७ मध्ये हुबळीला ‘मिट्टी कॅफे’ सुरू केला. तिथे अपंग आणि मतिमंद म्हणून घरात बसवून ठेवलेली माणसे काम करतात. त्यांची शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात सुरू झाली. मुंबईत जुहूला २०१८ पासून ‘कॅफे अर्पण’ आहे. तिथे ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली प्रौढ मुले-मुली काम करतात. ज्यांच्याबद्दल ‘आमच्या पश्चात याचं कसं होणार?’ या काळजीने आई-बाप झोपत नाहीत, ती मुले तिथे महिन्याच्या शेवटी पगार घेऊन घरी जातात.

आणि कॉफी आपल्याला परकी तरी कुठे आहे? कहवा हा शब्द आपल्या उर्दूत पूर्वीपासून आहे. पंधराव्या शतकात यमनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून ती पीत. यमनच्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. सतराव्या शतकात बाबा बुदन हज करून परत येताना तिथून सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असे सांगतात. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. देशातली बहुतेक कॉफी अजूनही चिकमगळूर, कोडगू आणि हासन या कर्नाटकातल्या जिल्ह्यांत पिकते. मोठ्या झाडांच्या सावलीत, बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातांनी एक-एक पिकले लाल फळ खुडून. कपाची साखळी त्या बाईपासून सुरू होते, हे दुकानदाराने विसरायचे नसते आणि पिणाऱ्यानेही.

आता पालकांच्या कामाचे. कॉफीच्या धंद्यात नोकरी म्हणजे फक्त काउंटरवर उभे राहणे नव्हे. कॉफी बनवणाऱ्याला बरिस्ता म्हणतात, ती पहिली पायरी. पुढे भाजणीचा कारागीर होता येते. कच्चे हिरवे बी किती वेळ, किती तापवायचे, ते तडतडल्यानंतर कोणत्या क्षणी उतरवायचे, यावर सगळी चव ठरते. त्यापुढे चव पारखणारे असतात. ते मोजून कॉफी, मोजून पाणी घेतात, चमच्याने सुरकन ओढून चाखतात आणि शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’ कॉफी. या क्षेत्रात सुनालिनी मेनन यांचे नाव आदराने घेतात. कॉफी बोर्डात त्यांनी गुणवत्ता विभाग सांभाळला आणि नंतर बेंगळुरूला स्वतःची प्रयोगशाळा काढली. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. याशिवाय मशीन दुरुस्ती, खरेदी, प्रशिक्षण, स्वतःचे दुकान, अशा वाटा आहेतच.

शिकण्याची सोयही आहे. बेंगळुरूला कॉफी बोर्ड ‘कापी शास्त्र’ नावाचे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेते. त्यात भाजणे आणि बनवणे शिकवतात. विज्ञान किंवा शेतीची पदवी असेल तर कॉफीच्या गुणवत्तेचा वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमाही बोर्डाकडे आहे. त्यातला काही काळ चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात काढावा लागतो. आमच्या विद्यार्थ्याला त्याच्या मालकीणबाई त्या छोट्या प्रशिक्षणाला स्वखर्चाने पाठवणार होत्या, आणि नेमके त्याच वेळी मामूंचा कुवेतचा निरोप आला होता.

मात्र सगळे गोडच आहे, असे आम्ही सांगणार नाही. या कामात दहा-दहा तास उभे राहावे लागते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. जगाच्या सुट्टीच्या दिवशी आपल्या कामाचा दिवस असतो. चकाचक दुकाने काढून मुलांना सहा महिने ‘ट्रेनी’ म्हणून फुकट राबवणारेही आहेत. म्हणून मुलगा किंवा मुलगी अशा कामाला लागत असेल तर आधी चार गोष्टी विचारा. पगार बँकेत जमा होतो का आणि पावती मिळते का? भविष्य निर्वाह निधी कापतात का? आठवड्याची सुट्टी आहे का? आणि वर्षभराने हा आज येत नाही असे कोणते काम शिकलेला असेल? शेवटच्या प्रश्नाला मालक अडखळला तर ती नोकरी आहे, करिअर नाही.

त्या आईला आम्ही हे सगळे सांगितले. कुवेत वाईट असे आम्ही म्हणालो नाही. अनेक घरे त्या कमाईवर उभी राहिली आहेत. फक्त एवढेच म्हणालो, “एकदा जाऊन त्याचं काम बघा, मग काय ते ठरवा.”

पंधरा दिवसांनी ती आणि मुलाचे अब्बा पुण्याला जाऊन आले. मुलाने दोघांना कॉफी करून दिली. आईला ती कडू लागली, तिने तीन चमचे साखर घातली. अब्बांनी मात्र कपाला हात लावण्याआधी बराच वेळ मुलाचे हात बघितले. काटा बघितला, दळणाचे चाक कसे एक-एक घर फिरवतो ते बघितले. उठताना पगाराची पावती मागून घेतली, नीट वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. एस.टी.त बसल्यावर बायकोला म्हणाले, “आता कुणी विचारलं तर सांग, कारागीर आहे म्हणून. मी कापडाचा, तो कॉफीचा.”

मुलगा पुढच्या महिन्यात बेंगळुरूला जाणार आहे. मामू अजून नाराज आहेत. शाळा सुरू झाली आहे आणि नववीच्या वर्गात मागच्या बाकावर यंदाही दोघे-तिघे अभ्यास न करणारे आहेत. त्यांना काय म्हणायचे ते आम्ही अजून शोधतो आहोत. जुने वाक्य मात्र आता तोंडात येत नाही.