दुकान थाटलं, पण पाटी कुणाला दिसली?

सियालदहहून सुटलेली लोकल बालीगंज, माझेरहाट, नुंगी करत बजबजला येऊन थांबते. हुगळीकाठचं हे गाव तसं लहान, पण इतिहासात त्याची नोंद आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत परदेशाहून परतलेले स्वामी विवेकानंद इथूनच आगगाडीत बसून सियालदहला गेले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजाच्या प्रवाशांवर इथंच गोळीबार झाला. आता स्टेशनच्या नावातही ते जहाज आहे.

माझी मावसबहीण लग्नानंतर या गावची झाली. भावोजी तागाच्या गिरणीत. गिरणीचं काम म्हणजे आज आहे, उद्या टाळं! म्हणून ताईने घरातच पाच शिलाई मशिनं टाकली आणि तागाच्या पिशव्या शिवायला घेतल्या. माल चोख. भाच्याने हौसेने वेबसाइटही बनवून दिली. सहा महिने गेले. वेबसाइट पाहिली कुणी? काका, मामा आणि आम्ही!

मग एके दिवशी फोन आला, “दोन महिन्यांत तुम्हाला गुगलच्या पहिल्या पानावर आणतो. अठरा हजार होतील.” ताईने भिशीचे पैसे दिले. पुढच्याच महिन्यात वेबसाइटला भेट देणाऱ्यांचा आकडा धडाधड वाढला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण ऑर्डर? एकही नाही. आणि फोन करणारा माणूस फोन उचलेना.

वाचकहो, ही फसगत एकट्या ताईची नाही. घरगुती मसाले विकणाऱ्या वहिनी असोत की कोकणात दोन खोल्या पर्यटकांना देणारे काका, अशा फोनवर विश्वास बसतो, कारण गुगलचं पहिलं पान म्हणजे नेमकं काय हे कुणी सांगितलेलं नसतं.

गोष्ट अशी आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका वेबसाइटने दुसरीचा दुवा दिला, तर ती शिफारस समजायची. चार भल्या माणसांनी नाव घेतलं की वैद्याकडे रांग लागते, तसंच हे. मग शिफारशी विकणारे निघाले! बनावट पानं, बनावट दुवे, बनावट भेटी. गुगलच्या नियमांत हे बसत नाही. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूसारख्या बड्या कंपनीची जर्मन वेबसाइटसुद्धा असल्या क्लृप्तीपायी गुगलने यादीतून काही काळ काढून टाकली होती. तिथं तुमची-आमची काय कथा?

पैसे भरून जागा मिळते ती जाहिरातीची, आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. बाकीच्या यादीत पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं.

दिवाळीच्या आधी मी बजबजला गेलो, तेव्हा आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. वेबसाइटच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘पर्यावरणस्नेही विश्वात आपलं स्वागत.’ मी विचारलं, “ताई, हे शब्द टाइप करून कोण पिशवी शोधेल?” ती हसली. “खरंच की! मीसुद्धा नाही शोधणार.”

मग तिने वही काढली. आजवर गिऱ्हाइकांनी फोनवर काय काय विचारलं, ते लिहून काढलं. ‘लग्नात द्यायला पिशव्या’, ‘शंभर नग घाऊक’, ‘चेन असलेली डब्याची पिशवी’. प्रत्येकासाठी वेगळं पान केलं. माप, किंमत, कमीत कमी किती नग, पोचायला किती दिवस, सगळं स्पष्ट. गावाच्या नावाचीही गंमत. इंग्रजी स्पेलिंग वाचणारा ‘बड्ज-बड्ज’ म्हणतो, आपण बजबज. म्हणून दोन्ही तऱ्हेने पत्ता लिहिला.

आणि एकदम तिला आठवलं, “अरे, आपल्याकडे संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण लुटतात ना! त्यात पिशवी किती छान दिसेल!” झालं. मराठीत एक पान तयार झालं. जानेवारीत लागणारा माल बायका आधीच शोधू लागतात, म्हणून ते नोव्हेंबरातच चढवलं. ज्या महाराष्ट्र मंडळाने पूर्वी पिशव्या घेतल्या होत्या, त्यांना आपल्या पानावर उल्लेख करण्याची विनंती केली. ही शिफारस खरी होती.

निकाल? भेटींचा आकडा त्या अठरा हजारांच्या महिन्यापेक्षा कमीच राहिला. पण संक्रांतीपूर्वी तीन महिला मंडळांच्या ऑर्डरी आल्या. त्यातली नागपूरची एकटीच दीडशे पिशव्यांची! एका मशिनचे हप्ते फिटले. भिशीचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच.

तुमचीही वेबसाइट असेल, तर एवढं करा :

• गुगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते. पत्ता, वेळ, फोन अचूक भरा.

• गुगलचंच ‘सर्च कन्सोल’ हे मोफत साधन, लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते दाखवतं. महिन्यातून एकदा पाहा.

• फोटो दिवसाच्या उजेडात काढा, आणि पान मोबाइलवर चटकन उघडतं का ते तपासा.

• समाधानी गिऱ्हाइकाला मत लिहायला सांगा. स्वतःच लिहू नका.

• पहिल्या क्रमांकाची हमी देणारा फोन आला, तर नम्रपणे ठेवून द्या.

निघताना ताई म्हणाली, “जत्रेत गर्दी काय कमी असते? पण पिशवी तोच घेतो, ज्याला सामान न्यायचं असतं.”