फोटो नको, पंचनामा कर

मे महिना लागला की अर्धी मुंबई गावाला जाते आणि मागोमाग मोबाइलवर गाव वाहायला लागतं. कौलारू घर, फणसाचं झाड, देवळाचा कळस, बैलजोडी, डोक्यावर मोळी घेतलेली कोणीतरी म्हातारी, मागं बुडता सूर्य. खाली लिहिलेलं : माझं गाव, माझी माती.

ज्यांची माती त्यांनी खुशाल लिहावं. सातबारा त्यांच्या बापाच्या नावावर, देवळाच्या पायरीवर दगडात कोरलेलं नाव त्यांच्या आज्याचं. त्यांना गाव सुंदरच दिसणार. त्यांचा समाचार पुढं घेऊ. पहिलं भांडण तुझ्याशी हाय दोस्ता. माझ्यासारखा मॅट्रिकपर्यंत रखडलेला, कंत्राटावर राबणारा, खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावणारा तू. तू पण तोच फोटो का काढतोस?

पाटलाच्या वाड्याच्या दिंडीदरवाजात उभा राहून तू सेल्फी घेतोस. त्या दरवाजाशी तुझा पणजाही उभा राहायचा. पण बाहेरच्या अंगाला, हातात घुंगरांची काठी, तोंडात जोहार, आणि शिळ्या भाकरीची वाट बघत. त्या भिंतीची माती वेठीनं कुणी वाहिली? आज त्याच वाड्यांत भाडं भरून लग्नाआधीची शूटिंगं होतात. नवरा-नवरी फेटे बांधून दगडाला टेकतात आणि तू जाऊन त्याच दगडाला टेकतोस. च्यायला, दगडाला तरी लाज वाटावी.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे वाभाडे काढले. खेड्याच्या नावानं गहिवरणाऱ्या विद्वानांना त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुमचं लाडकं खेडं हे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर आहे. त्याआधीच ते आपल्याला सांगत होते की गाव सोडा, शहर धरा. तुझा आजा म्हणूनच मुंबईला आला. तो काही हवापालटाला आला नव्हता. आणि आता तू भिंतीवर बाबासाहेब टांगून मोबाइलात खेड्याची आरती ओवाळतोस.

आता त्यांचा समाचार. आपले फोटो पहिल्यांदा काढले ते साहेबानं. १८५७ च्या बंडानं इंग्रज हादरला. राज्य करायचं तर माणसं ओळखली पाहिजेत म्हणून त्यानं कॅमेरा घेऊन माणसं मोजली. १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड निघाले. चारशेहून जास्त फोटो. बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जात आणि जमात आहे. फुलपाखरं टाचणीनं टोचून ठेवतात तशी माणसं टोचून ठेवलेली. साहेब गेला, टाचणी ठेवून गेला. ती आता आपल्या प्रदर्शनवाल्यांच्या हातात आहे. थंडगार दालनात भिंतीवर आमची म्हातारी. लोक चहा पीत तिच्या सुरकुत्या वाखाणतात. खाली छायाचित्रकाराचं नाव ठळक, म्हातारीचं नाव कुठंच नाही. तिला तो फोटो कधी दाखवला काय? तिच्या हातात एक प्रत दिली काय? कशाला देतील. गुराला कुणी फोटो दाखवतं काय!

म्हणजे दोन जातींचे फोटो झाले. एकात गाव आहे आणि आपण नाही. दुसऱ्यात आपण आहोत आणि आपलं नाव नाही. तिसरा फोटो आपल्याला काढायचाय.

तो कसा, हे मी गोदीत शिकलो. बोटीतून गोणी उतरते, टॅली क्लार्क तिची नोंद करतो. गोणी फुटली, माल भिजला, की सर्व्हेअर येतो आणि आधी फोटो काढतो. गोणीवरचा मार्का दिसेल असा, भोक किती मोठं ते कळेल असा. बुडता सूर्य त्यात येत नाही. कारण त्या फोटोवर भरपाईचा दावा उभा राहतो. शेठच्या साखरेच्या गोणीला एवढा मान. आणि दोन हजार वर्षं आपल्या माणसांची जिनगानी फुटली, भिजली, चोरीला गेली, तिचा सर्व्हे कुणी केला नाय. तो तू कर. यंत्र तुझ्या खिशात हाय.

गावाला उतरलास की वेशीपासून चालायला लाग. वेस ते आपली वस्ती किती पावलं ते मोज. पक्का रस्ता जिथं संपतो त्या जागेचा फोटो काढ. दोन विहिरी असतील तर दोन्हींचा काढ. दोन मसणवटे असतील तर दोन्हींचा काढ, एकाला पत्र्याची शेड आणि दुसऱ्याला नुसते दगड असतील तर दगडांचा आधी काढ. मढं न्यायची वाट कुणाच्या बांधावर अडते ते काढ. सरकारी नळ कुणाच्या दारात आहे आणि कुणाच्या दारात नाही ते काढ. २ डिसेंबर २०२० ला राज्याच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. नव्या पाटीचा फोटो काढ. मग वीस पावलं मागं सर आणि पाटी गावाच्या कुठल्या टोकाला रोवलीय तेही येऊ दे.

मग कागदाकडं वळ. महारकीच्या वतनाची जमीन आठवते काय? ते वतन म्हणजे गळ्यातला फास आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. फास सुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. सारा भरून जमिनी पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायची तरतूद झाली, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत अशी अट पडली. तरी कित्येक जमिनी गेल्या. कर्जात गेल्या, अंगठ्यात गेल्या, दारूच्या एका बाटलीत गेल्या. आज त्यांत ऊस उभा आहे आणि तू त्या हिरव्या उसाचा फोटो काढून खाली बदाम टाकतोस! आधी गट नंबर विचार. सातबारा काढ, जुने फेरफार काढ. तुझ्या आज्याचं नाव कुठल्या साली कटलं ते बघ. एका कचेरीतल्या बाबूनं मला सांगितलं, इथं बघायला मनाई आहे. त्याला २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा दाखव. कागद बघायचा, टिपून घ्यायचा, नक्कल मागायचा हक्क त्यात लिहिलाय.

आणि फोटो नीट जपून ठेव. व्हॉट्सॲपवरून फिरला की आतली तारीख उडते. मूळ फाइल पुसू नकोस. ज्या मोबाइलनं काढला तो फेकू नकोस. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणं मोबाइलातला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. हे वकिलाला विचारून घे.

कोर्टाचं नाव काढलं की आपली पोरं हसतात. त्यांनी महाडला जाऊन नुसती सेल्फी काढलेली असते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालो. सनातन्यांनी तळं शेणामुतानं शुद्ध केलं आणि कोर्टात गेले. म्हणाले तळं खाजगी, वहिवाट पुरातन. लढाई दहा वर्षं चालली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला : अस्पृश्यांना अडवायची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे यांना शाबीत करता आलेलं नाही. एवढा जुना धर्म पुराव्यावाचून तोंडावर आपटला. तळ्याच्या काठावर उभं राहून हे आठवत नसेल तर तिथं तोंड वाकडं करून फोटो काढू नको.

कुणी म्हणेल, मग आम्ही काय नुसती जखमच दाखवायची? नाय. माझ्या आजीचा जन्मातला पहिला फोटो मतदार ओळखपत्रावरचा. घाबरलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओळखू न येणारी. तुझी आजी असेल तर तिला खुर्चीवर बसव. फोटो काढू का म्हणून आधी विचार, नको म्हणाली तर मोबाइल खिशात घाल. हो म्हणाली तर खाली तिचं पूर्ण नाव लिही, नवऱ्याच्या आधी तिचं. विहारातली पोरं काढ. वस्तीतली पहिली बारावी झालेली पोरगी काढ. प्रत छापून हातात दे. हा आनंदही पुराव्यात धरायचा आहे. आम्ही होतो, आहोत, नावानिशी आहोत, याचा तो पुरावा.

गावोगावच्या पोरांनी असा एकेका गावाचा पंचनामा केला तर एक नवा नकाशा तयार होईल. तो कुठल्या सरकारनं छापलेला नाही आणि छापणारही नाही. बुडते सूर्य त्यांना ठेवू द्या. आपल्याला हद्दीच्या खुणा पाहिजेत.

जय भीम!