लढवय्याची ओळख

खुटबावहून रेल्वेने महाविद्यालयात येणाऱ्या आमच्या दोन विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरच्या ओट्यावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडला होता. आम्ही फराळाला गेलो आणि पाहत बसलो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलतो, निकाल फासे लावतात. दोघांनीही लढवय्याच निवडला होता. एकाच्या हाती तलवार, दुसऱ्याच्या कुऱ्हाड. तासाभरात खेळ कंटाळवाणा झाला. ‘मी वार करतो’, ‘मीपण करतो’, याखेरीज दोघांपाशी बोलायला काही उरले नाही. सुपारी कातरत बसलेले चुलते, एकेकाळचे पैलवान, शेवटी म्हणाले, “अरं पोरांनो, ढाक कोण लावतो अन् घिस्सा कोण, ते तरी कळू द्या की!”

ही अडचण त्या खेळाइतकीच जुनी आहे. १९७४ च्या मूळ नियमांत कट्यार असो वा खड्ग, वाराची इजा एकाच सहापैलू फाशाने ठरे. १९७५ च्या पुरवणीत शस्त्रागणिक इजा वेगळी झाली. पुढच्या आवृत्त्यांनी लढवय्यांना निरनिराळी कौशल्ये आणि डावपेच दिले. म्हणजे चुलत्यांची सूचना नियमकर्त्यांनीही मानली म्हणायची. तरीही आम्हांस वाटते की डावांची यादी लांबवून माणूस वेगळा होत नाही. आखाड्यात डाव ओळखू येतो तो पैलवान कोणत्या क्षणी तो लावतो यावरून.

विद्यार्थ्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवकालावरील कादंबऱ्या शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे ‘शूर, पराक्रमी, स्वामिनिष्ठ’ या तीन विशेषणांवर गुण देत आलो. नाव झाकले तर उत्तर तानाजीचे की मुरारबाजीचे, हे परीक्षकालाही सांगता येऊ नये! आणि दोष केवळ उत्तरपत्रिकांचा नाही. पुष्कळशा ऐतिहासिक कादंबऱ्यांतही मिशा, समशेर आणि गर्जना यांपलीकडे मावळ्याला चेहरा मिळत नाही.

वास्तविक सामग्री हाताशी आहे. खुटबावच्या नैर्ऋत्येस, शेजारच्या तालुक्यात पुरंदर उभा आहे. १६६५ साली मुरारबाजी तेथून निवडक माणसांनिशी बाहेर पडला आणि थेट दिलेरखानाच्या गोटावर चालून गेला. सभासदाच्या बखरीत खान त्याच्यावर खूश होऊन कौल देऊ करतो आणि हा तो धुडकावतो. शत्रूच्या तोंडची स्तुती ऐकून अधिकच चिडणारा हा माणूस. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंचे काम नेमके उलटे होते: पुढे जायचे नाही, जागा सोडायची नाही, तोफांच्या आवाजापर्यंत वेळ काढायचा. तेथे धाडसापेक्षा धीर मोठा. प्रतापराव गुजरांची गोष्ट तर या दोघांहून निराळी. १६७३ मध्ये उमराणीस कोंडलेल्या बहलोलखानाला त्यांनी जाऊ दिले, महाराजांचा ठपका आला, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला ते मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. हे सेनापतीचे गणित नव्हे, दुखावलेल्या माणसाचे उत्तर आहे. तिघांच्याही हाती शस्त्र असेल तेच. पण एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही.

आमच्या मते लढवय्या वेगळा ठरतो तो त्याला काय करवत नाही यावरून. मुरारबाजीला कौल घेववत नाही, प्रतापरावांना बोल सोसवत नाही. ओट्यावरच्या त्या दोन पात्रांना सगळेच करवत होते, म्हणून ती दोन नव्हतीच.

पुढच्या चाचणीत आम्ही प्रश्न बदलला: घोडखिंडीत बाजीप्रभूंच्या जागी प्रतापराव असते तर? बहुतेकांनी तीच तीन विशेषणे लिहिली. खुटबावच्या एकाने लिहिले की त्यांनी खिंड सोडून शत्रूवर घोडा घातला असता आणि महाराज विशाळगडावर पोहोचले नसते. इतिहासाचे सहकारी म्हणतात, याला शून्य. आम्ही पैकीच्या पैकी दिले आहेत. वाद अजून मिटलेला नाही.