स्वतःच्या संरक्षणाचं बिल कोण भरतंय?

ईस्टरनंतरचा चौथा शुक्रवार डेन्मार्कमध्ये १६८६ पासून 'महाप्रार्थना दिन' म्हणून पाळला जायचा. सार्वजनिक सुट्टी असायची. २०२३ मध्ये संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि २०२४ पासून त्या दिवशी लोक कामावर जाऊ लागले. सरकारचं गणित असं: एक दिवस जास्त काम झालं की कर जास्त मिळेल आणि तो संरक्षणावर खर्च करता येईल. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, चर्चमधूनही विरोध झाला. शुक्रवारची नमाज आणि ऑफिसची मीटिंग यांची टक्कर दर आठवड्याला अनुभवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा लवकर कळेल.

अमेरिकेच्या भरवशावर किती काळ राहायचं, हा युरोपचा प्रश्न खरा आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्तचर माहिती देणं काही दिवस थांबवलं, तेव्हा परावलंबनाची किंमत सगळ्यांना दिसली. जूनमध्ये हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं लक्ष्य ठरवलं. त्यातले साडेतीन टक्के थेट सैन्यासाठी.

आमच्या क्षेत्रात बाहेरच्या कंपनीची सिस्टिम काढून स्वतःची बनवायची ठरली की पहिल्या मीटिंगमध्ये फक्त फायद्यांची स्लाइड असते. प्रत्यक्षात बराच काळ दोन्ही चालवाव्या लागतात. जुनीचं लायसन्सही भरायचं आणि नवीची टीमही पोसायची. डेन्मार्कने सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन पर्याय बाजूला ठेवून फ्रान्स-इटलीची हवाई संरक्षण यंत्रणा निवडली. पुढच्याच महिन्यात आणखी १६ अमेरिकन एफ-३५ विमानं घ्यायचं जाहीर केलं.

तरीही डेन्मार्कने निदान स्वतःच्या नागरिकांच्या कॅलेंडरला हात घातला. त्यांना राग आला तर ते मतपेटीतून दाखवू शकतात. ब्रिटनने सोपा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी २०२७ पर्यंत संरक्षण खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली आणि त्यासाठी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. २०१५ च्या कायद्यातलं लक्ष्य ०.७ टक्क्यांचं आहे. कोविडच्या काळात ते 'तात्पुरतं' खाली आलं, ते पुन्हा वर गेलंच नाही. सुदानच्या छावणीत मदतीच्या धान्यावर जगणाऱ्या आईला ब्रिटनमध्ये मत नाही, म्हणून तिच्या वाट्याला कात्री लावणं राजकीयदृष्ट्या स्वस्त पडतं. मला हा निर्णय भित्रेपणाचा वाटतो.

विकास खात्याच्या मंत्री ॲनलीस डॉड्स यांनी तीनच दिवसांत राजीनामा दिला. इतकी कपात करून गाझा, सुदान आणि युक्रेनला दिलेला शब्द पाळणं अशक्य आहे, असं त्यांनी पत्रात लिहिलं. संरक्षण खर्च वाढवायला त्यांचा विरोध नव्हता. कर आणि सरकारी कर्जाचे नियम यांवर सगळ्यांनी मिळून चर्चा करावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.