जागेचे मोल आणि राष्ट्राची मिळकत

घराची किंमत वाढली की घरमालक स्वतःला अधिक संपन्न मानू लागतो. व्यक्तीच्या हिशेबात ते खरेही असते. परंतु राष्ट्राच्या संपत्तीत त्यामुळे कोणती भर पडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भिंती त्याच, छप्पर तेच, खोल्याही तितक्याच. वाढलेले असते ते त्याखालील जमिनीचे मोल, आणि ते नव्याने घर घेणाऱ्याच्या भावी मिळकतीतूनच वसूल होणार असते. समाजाच्या प्रगतीचा लाभ जमीनमालकाकडे वळतो आणि उद्योगाचा नफा आक्रसत जातो, हे रिकार्डोने १८१७ मध्येच मांडले होते. त्याच्यासमोर शेतजमीन होती. आज तोच न्याय महानगरातील जागेला लागू पडतो.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन त्यात होरपळले. गिरण्यांच्या ऱ्हासाची कारणे अनेक असली, तरी गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन अधिक मोलाची ठरल्यावर नवी यंत्रे आणण्याची प्रेरणा मालकाला कशी राहावी? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे तीन वाटे करून मोकळ्या जागा व सार्वजनिक घरे यांसाठी दोन वाटे राखले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या भूभागापुरती सीमित केली. उत्पादनाची जागा मनोऱ्यांनी घेतली.

याचे परिणाम दूरगामी असतात. जिथे रोजगार आहे तिथे राहणे परवडत नाही. मग कामगार विरार किंवा बदलापूर गाठतो आणि दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये घालवतो, अथवा शहरात येण्याचे टाळतो. दोन्ही प्रकारे श्रमशक्तीचा अपव्ययच होतो. कारखान्यात वा संशोधनात गुंतू शकणारे भांडवल बंद सदनिकांत अडकते. २०११ च्या जनगणनेनुसार नागरी भारतात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती, आणि त्याच वेळी बृहन्मुंबईतील दर दहा कुटुंबांपैकी सुमारे चार कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती निर्माण केली, तिचाही या विसंगतीत वाटा आहे.

बांधकामामुळे रोजगार मिळतो, असा प्रतिवाद केला जातो. तो यथार्थ आहे. मात्र रोजगार घर बांधल्याने मिळतो, जुन्या जागेचा भाव चढल्याने नव्हे. शिवाय चढत्या भावावर विसंबून दिलेली कर्जे भाव उतरताच बँकांना गोत्यात आणतात. १९९० नंतरचा जपान आणि २००८ मधील अमेरिका यांनी हा धडा पुरेपूर भोगला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटू नये. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील हास्य ज्या सहवासातून उमलले, तो सहवास सामान्य मिळकतीच्या माणसाला शहराच्या मध्यभागी राहता येत होते म्हणूनच शक्य झाला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणी कामगाराचे कुटुंब त्या आधाराच्या ढासळण्याची साक्ष देते. लेखक, वाचक, नट आणि शिक्षक हे शहराबाहेर लोटले गेले, की भाषेचा शहरावरील अधिकारही क्षीण होतो.

म्हणून रिकाम्या जागेवर कर, भाड्याच्या घरांना संरक्षण आणि सार्वजनिक जमिनीवर परवडणारी वस्ती हे केवळ दयेचे उपाय मानता येणार नाहीत. उत्पादक श्रमाला राहायला जागा न देणारे राष्ट्र स्वतःच्याच मिळकतीचा पाया पोखरत असते.