मॅपिंगमधला ‘आपला’ जावा

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण कोडमधली एक चूक सांगायलाच हवी.

जानेवारी २०२५ मध्ये रक्तदान शिबिरासाठी हॉस्टेल आणि लायब्ररीच्या याद्या मी लॅबमधल्या जुन्या टॅलेंडवर एकत्र केल्या. तारीख बरोबर आहे का हे तपासणारं तयार फंक्शन टूलमध्ये होतं. पण आपल्याला जावा येतो ना! मी स्वतःचा क्लास लिहिला, आत सिंपलडेटफॉरमॅट वापरला आणि मॅपिंगला जोडला. एकही एरर नाही. मी खूश!

शिबिराच्या दिवशी माझ्या रूममेटचं नावच नाही. म्हणे अठरा पूर्ण नाहीत. बिचारी परत आली. लायब्ररीच्या यादीत तिची जन्मतारीख ०२/१४/२००६, म्हणजे महिना आधी. माझा क्लास दिवस आधी धरायचा. चौदावा महिना आला तरी सिंपलडेटफॉरमॅट अडत नाही, मुकाट पुढे मोजतो. झाली २ फेब्रुवारी २००७! ‘सेटलेनियंट फॉल्स’ एवढी एक ओळ असती, तर निदान एरर तरी आला असता.

मित्रांनो, स्वतःचा क्लास लिहूच नका असं नाही. टूल कमी पडतं तिथे तो लागतोच. पण मॅपिंगच्या चित्रात त्याचं फक्त नाव दिसतं, पोटातलं काही दिसत नाही. म्हणून जोडण्याआधी त्याला रिकामा, उलटा, चुकीचा डेटा देऊन बघा. नापास ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा.

आणि सर, मॅडम, व्हायव्हात ‘आउटपुट आलं का?’ एवढंच नको. ‘खराब डेटा कोणता दिलास?’ हेही विचारा ना!