अंगण नसलेल्यांची वीज
'लुना' घडविणाऱ्या नगरला दुचाकीचे महत्त्व सांगावयास नको. तीच लुना २०२४ मध्ये विजेवर धावू लागली. २०३० पर्यंत नव्या वाहनांत विद्युत वाहनांचा वाटा ३० टक्के व्हावा, असे राज्याचे २०२५ चे धोरण सांगते. परंतु अहिल्यानगरात अशी वाहने किती येतील, याहून ती कोणत्या भागात येतील, हा प्रश्न मोलाचा आहे.

सावेडीतील बंगल्याच्या अंगणात रात्री गाडी चार्जिंगला लावता येते. माळीवाड्याच्या बोळातील दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने वायर कोठून सोडावी? गाड्या आहेत तेथेच केंद्रे उभारली, तर पुढचा अंदाजही त्याच वस्त्यांकडे झुकेल. ज्याची सोय नाही, त्याची गरज कागदावर उमटतच नाही.

म्हणून परिवहन कार्यालयातील नोंदणी, घरांचे स्वरूप आणि महावितरणच्या रोहित्रांवरील सायंकाळचा भार प्रभागवार एकत्र मांडून महापालिकेने अंदाज बांधावा. पहिले सार्वजनिक केंद्र जेथे अंगण नाही, तेथे व्हावे. याच जिल्ह्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी विहिरी बांधल्या, त्या वाटसरूंसाठी. त्यांचे नाव धारण करणाऱ्या शहराने रिक्षाचालकाला विसरू नये.